सामान कुणाचं मोजलं जातं?

माझी बदली झाली तेव्हा सगळा संसार एका छोट्या टेम्पोत मावला. कपाट, शेगडी, पिठाचे डबे आणि पुस्तकांच्या सात गोण्या. भाडं खिशातून दिलं. विनंती बदलीला सामानाचा खर्च मिळत नाही, हे कार्यालयातल्या लिपिकाने समजावलं. (विनंती कशासाठी, तर बायकोची शाळा इकडे होती म्हणून. असो.)

'बदली' अरबीतून आली, 'सामान' फारसीतून. पण घरातली माणसं आणि भांडीकुंडी दोन्हींना मिळून 'संसार' म्हणणं हे मराठीचं. नियमांना मात्र ही दोन वेगळी करता येतात. १ जुलै २०१७ पासूनच्या केंद्र सरकारच्या नियमात बदली झालेल्या लेव्हल ६ आणि वरच्या कर्मचाऱ्याला ६,००० किलो सामान नेण्याचा खर्च मिळतो, लेव्हल ५ ला ३,००० किलोचा, त्याखालच्यांना १,५०० किलोचा. शिपायाच्या घरात माणसं कमी असतात असं कुणी ठरवलं, कळत नाही.

आपल्या किनाऱ्यावर ही मोजणी जुनी आहे. पी अँड ओसारख्या कंपन्यांच्या आगबोटींवर डेकवर कोकणी मुसलमान खलाशी, बॉयलरपाशी पंजाबी-पठाण, सलूनमध्ये गोवेकर. १९०६ च्या ब्रिटिश कायद्याने गोऱ्या खलाशाला राहायला १२० घनफूट जागा ठरली. आपल्या खलाशाला ३६ घनफूटच राहिली. तेवढ्यात तो, त्याचं अंथरूण आणि त्याची पेटी. करार संपला की कंपनीने त्याला हिंदुस्थानच्या बंदरात परत आणून सोडायचं. म्हणजे प्रवासाचा खर्च कंपनीचा होता, पण बायकामुलं कुठल्याच हिशेबात नव्हती. मुंबईत जहाजाची वाट पाहताना तो गावच्या जमातीच्या खोलीवर राही. संसार मुरूड, म्हसळा, श्रीवर्धनलाच.

सत्तरच्या दशकात त्याच घरांतली पोरं आखातात गेली. तिथे कुटुंब न्यायचं तर ठराविक पगार लागतो. संयुक्त अरब अमिरातीत ४,००० दिरहॅम, किंवा घरासह ३,०००. वेल्डर, ड्रायव्हर बहुतेक वेळा एकटाच जातो. विमानाचं तिकीट कंपनी देते आणि सामान मोजते, पण ते त्याच्या एकट्याच्या बॅगेचं.

पुढे १९८५ च्या सुमारास अलिबागजवळ थळला आरसीएफचा खत कारखाना सुरू झाला. कुरूळला वसाहत उभी राहिली. तिथे बदलून येणाऱ्यांचा संसार ट्रकमधून उतरू लागला: पलंग, फ्रिज, मुलांच्या सायकली, मागोमाग जीपमधून आजीसुद्धा. कोलाबा जिल्ह्याचं नाव रायगड होऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. आखातातून सुट्टीवर आलेला माणूस त्याच रस्त्याने दोन बॅगा घेऊन घरी जाई. दोघंही नोकरदार, दोघंही कंपनीचेच.

माझ्या आजोळी खलाशाची एक पेटी अजून आहे. जहाजाचं नाव पुसून गेलंय, नंबर तेवढा दिसतो. आत आता लग्नातली तांब्याची भांडी ठेवतात.