हस्तलिखित, शालेय

विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेला, स्वतःच चित्रांनी सजविलेला, संपादून बांधलेला आणि बहुधा एकाच प्रतीत सिद्ध होणारा वार्षिक अथवा नैमित्तिक अंक. कथा, कविता, प्रवासवर्णन, गावातील वडीलधाऱ्यांच्या मुलाखती, म्हणी व उखाण्यांचे संकलन, कोडी, नकाशे, रेखाचित्रे अशी विविध सामग्री त्यात येते. याउलट भित्तिपत्रक आठवड्या-पंधरवड्याने भिंतीवरून उतरविले जाते. छापील वार्षिकांकात मुलाचे अक्षर छापखान्याच्या अक्षरांत लोप पावते. हस्तलिखितात मात्र शब्द, अक्षर, रेषा आणि बांधणी ही चारही अंगे मुलाच्याच हातची असतात, आणि म्हणूनच कलाविष्कार व स्वयंशिक्षण यांचा इतका निकटचा संयोग मराठी शाळेतील अन्य कोणत्याही उपक्रमात क्वचितच आढळतो.

रचना व कार्यपद्धती : सहामाही परीक्षा आटोपली की वर्गातून संपादक मंडळ निवडले जाते, अंकाचा विषय ठरतो आणि साहित्य मागविले जाते. आलेला प्रत्येक मजकूर प्रथम कच्च्या मसुद्याच्या रूपात वाचला जातो; त्यातील पुनरुक्ती, शुद्धलेखन आणि लांबी यांवर मंडळात खल होतो, आणि लेखकाशी बोलून, त्याच्या संमतीने, फेरफार केले जातात. त्यानंतर पक्क्या प्रतीचे काम सुरू होते. डाव्या अंगाला शिलाईसाठी रुंद समास सोडून पेन्सिलीने फिकट रेघा आखावयाच्या, शाई पूर्ण सुकली म्हणजे त्या खोडावयाच्या, शीर्षके तिरक्या टोकाच्या लेखणीने काढावयाची आणि चित्रासाठी राखलेली चौकट अखेरपर्यंत मोकळी ठेवावयाची, असा क्रम असतो. शाई सुकण्यापूर्वी खोडरबर फिरविला तर सबंध पान काळवंडते व पुन्हा लिहावे लागते. हा धडा प्रत्येक नवे मंडळ स्वतःच्या हातानेच शिकते. सर्व पाने लागली म्हणजे दाभणाने भोके पाडून जाड दोऱ्याने ती शिवतात, पुठ्ठ्यावर मुखपृष्ठ चढवितात. अनुक्रमणिका अंकाच्या आरंभी येत असली, तरी पानांचा क्रम निश्चित झाल्यावाचून ती लिहिता येत नसल्यामुळे कामात तिचा क्रमांक जवळजवळ शेवटचा लागतो. प्रकाशन बहुधा प्रजासत्ताकदिनी, स्नेहसंमेलनात किंवा २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनी होते.

अक्षरांची वळणे, रंगसंगती व चौकटीची जाण यांची तयारी अनेक मुलांना शासकीय रेखाकला परीक्षांच्या अभ्यासातून लाभते. एलिमेंटरी व इंटरमिजिएट या नावांनी सर्वपरिचित असलेल्या या परीक्षांत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र व अक्षरलेखन यांचा समावेश आहे. तथापि परीक्षेत विषय बाहेरून येतो आणि वेळ ठरलेली असते. हस्तलिखितात काय काढावे, कोणत्या मजकुराशेजारी काढावे आणि केव्हा थांबावे, याचा निर्णय मुलाला करावा लागतो. परीक्षेत कमावलेले कौशल्य येथे हेतूच्या सेवेस लागते, म्हणून ते टिकते.

पूर्वपीठिका : मराठी शिक्षणाच्या इतिहासात या परंपरेचे सर्वांत तेजस्वी उदाहरण अमळनेरचे आहे. १९२४ साली तेथील प्रताप हायस्कुलात शिक्षक म्हणून रुजू झालेल्या साने गुरुजींनी पुढे वसतिगृहाची जबाबदारी स्वीकारली आणि मुलांसाठी ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक चालविले. त्याच प्रेरणेतून १९२८ मध्ये ‘विद्यार्थी’ हे मासिक निघाले. दैनिकाचा मजकूर प्रामुख्याने गुरुजींच्या लेखणीतून उतरत असला, तरी वाचण्याजोगे काही दररोज आपल्याच भिंतींच्या आत निर्माण होऊ शकते, हा विश्वास त्याने मुलांना दिला. योगायोग असा की, त्याच १९२४ साली फ्रान्समधील एका खेड्यातील शिक्षक सेलेस्तँ फ्रेने याने वर्गात लहानसा छापखाना आणून मुलांचे मुक्तलेखन त्यांच्याच हातांनी छापविण्यास आरंभ केला, आणि अशी वर्गपत्रे शाळाशाळांत परस्परांना पाठविली जाऊ लागली. साधने भिन्न असली तरी दोन्हीकडील श्रद्धा एकच होती : मुलाच्या लेखनाला गुण देणारा परीक्षक नव्हे, तर खरा वाचक हवा.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे पाने, बिया, माती यांसारख्या परिसरातील साधनांतून बालशिक्षणाची उभारणी करून, कलाशिक्षण खर्चिक असते हा समज खोडून काढला. लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये कोल्हापुरात स्थापिलेल्या सृजन आनंद विद्यालयात आणि मॅक्सीन बर्नसन यांच्या पुढाकाराने फलटणला उभ्या राहिलेल्या कमला निंबकर बालभवनात मुलांच्या अनुभवाला व स्वतंत्र अभिव्यक्तीला अभ्यासक्रमात मानाचे स्थान मिळाले. बालभारतीचे ‘किशोर’ हे मासिक नोव्हेंबर १९७१ पासून निघू लागले. त्यातून मुलांच्या लेखनाला छापील पान उपलब्ध झाले. महाविद्यालयीन वयात हीच प्रवृत्ती रंगभूमीकडे वळते : पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेने १९६३ साली सुरू केलेली पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा आणि मराठवाड्यातील विद्यापीठीय युवक महोत्सव ही तिची ठळक क्षेत्रे होत.

मराठवाडा व घाटनांदूरचा परिसर : या उपक्रमाचा स्थानिक संदर्भ उदाहरणादाखल येथे पाहता येतो. बीड जिल्ह्याच्या अंबाजोगाई तालुक्यातील घाटनांदूर हे गाव बालाघाटच्या मुलखात, परळी–लातूर रोड लोहमार्गावर वसलेले आहे. ज्या अंबाजोगाईच्या छायेत ते नांदते, त्या नगरीला लेखनाची परंपरा नवी नाही : ‘विवेकसिंधु’कार मुकुंदराजांचे समाधिस्थान तेथे आहे, आणि दासोपंतांची (१५५१–१६१५) सुप्रसिद्ध ‘पासोडी’ही तेथलीच. सुमारे ४० फूट लांब व ४ फूट रुंद अशा वस्त्रावर त्यांनी पंचीकरणाचा (पंचमहाभूतांच्या मिश्रणाचा) विषय ओव्यांनी लिहिला, आकृत्यांनी स्पष्ट केला, आणि मजकूर व चित्र एकाच दृष्टिक्षेपात यावीत अशी मांडणी केली. रोज एका ढब्बू पैशाची शाई ते लेखनात खर्च करीत, असे परंपरा सांगते. या भागातील शिक्षकाने वर्गाला एकदा पासोडीची हकिकत सांगितली, तर शब्द व रेषा यांच्या सहवासाचा अर्थ समजाविण्यास त्याला अन्य दृष्टान्त शोधावा लागणार नाही.

निजामी अंमलात मराठवाड्यातील मराठी भाषकांच्या शिक्षणाची स्थिती बिकट होती. माध्यमिक शाळांचे माध्यम उर्दू होते. सभा-संमेलनांना सरकारी परवानगी लागे, आणि त्यासंबंधीचे ‘गश्ती निशान ५३’ हे परिपत्रक कुप्रसिद्ध ठरले होते. अशा काळात अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात मुख्याध्यापक म्हणून काम केलेल्या स्वामी रामानंद तीर्थांसारख्या शिक्षकांनी शाळा हेच स्वत्वजागृतीचे केंद्र बनविले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर मातृभाषेतून शिकण्याची वाट मोकळी झाली. आपल्या भाषेत, आपल्या नावाने लिहिण्याच्या या अधिकारामागे केवढा संघर्ष आहे, हे स्मरले म्हणजे शाळेच्या हस्तलिखिताला उपक्रमांच्या यादीतील एक बाब समजणे अशक्य होते.

या परिसराचे दुसरे वास्तव ऊसतोडीचे आहे. दसरा-दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी कारखान्यांच्या फडांवर जातात व उन्हाळ्याच्या तोंडी परततात. मुले मागे राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहे चालविली जातात, बरोबर गेलेल्यांसाठी साखरशाळांचे व शिक्षण हमी कार्डाचे प्रयत्न झाले. तरीही वर्षाचा ऐन मध्य अनेकांच्या शिक्षणातून निसटतो. परंतु फडावर राहिलेल्या मुलाने कोपी (राहण्याची तात्पुरती झोपडी) कशी उभारतात, पहाटे मोळ्या कशा बांधतात, गाडीच्या बैलांना रात्री काय घालतात, हे पाहिलेले असते. पाठ्यपुस्तकाच्या हिशेबी तो मागे पडलेला असतो. हस्तलिखिताच्या हिशेबी मात्र त्याच्याजवळ जे आहे ते वर्गात दुसऱ्या कोणापाशीही नाही. वसतिगृहात राहिलेल्या मुलीने आईवडिलांना लिहिलेले पत्र आणि फडावरून आलेल्या मुलाने काढलेले कोपीचे चित्र समोरासमोरच्या पानांवर आले, तर त्या अंकाने समाजशास्त्राचा एक पाठ स्वतःच रचला असे म्हणावे लागेल.

दोष व दक्षता : या उपक्रमात तीन दोष वारंवार शिरतात. पहिला, सुवाच्य अक्षराच्या मक्तेदारीचा : अंक देखणा व्हावा म्हणून एक-दोन मुलींकडून सबंध प्रत उतरवून घेतली जाते आणि इतरांचा हात अंकातून नाहीसा होतो. प्रत्येक लेखकाने निदान आपले एक पान स्वतः लिहावे, मग ते वेडेवाकडे का होईना. दुसरा, उसनवारीचा : पुस्तकातील कविता स्वतःच्या नावावर येतात, यावर ‘स्वरचित’ व ‘संकलित’ असे दोन विभाग पाडून, संकलनालाही प्रतिष्ठा देणे हाच उपाय. तिसरा व सर्वांत घातक दोष शिक्षकाच्या लाल शाईचा. ‘कामून’ (का), ‘मपलं’ (माझं) हे घरचे शब्द संवादातून पुसून तेथे ग्रंथातील शब्द घातले, की आजी आजीसारखी बोलेनाशी होते आणि मुलाचा स्वतःच्या कानावरचा विश्वास उडतो. निवेदन प्रमाणभाषेत व संवाद बोलीत, ही मराठी साहित्याने कधीच मान्य केलेली रीत शाळेनेही मानली पाहिजे.

२०१० पासून राज्यात लागू झालेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात उपक्रम व प्रकल्प यांना अधिकृत स्थान मिळाले, ही इष्ट गोष्ट होय. परंतु त्यामुळेच तयार चित्रे विकत आणून चिकटविलेल्या प्रकल्पवह्यांचाही सुळसुळाट झाला. अशा वहीत मुलाने निवडलेले काही नसते, म्हणून त्याचे शिक्षणही होत नाही. हस्तलिखिताचे मोल त्याच्या देखणेपणावर किंवा जिल्हास्तरावरील क्रमांकावर अवलंबून नाही. मुलांनी कोणता मजकूर का नाकारला, कोणत्या पानावर त्यांचा वाद झाला आणि तो कसा मिटला, हे त्यांना सांगता आले तर तो अंक सफल झाला.

जतन : शाळेच्या दप्तरात जनरल रजिस्टर कायमचे सांभाळले जाते, हस्तलिखित मात्र प्रकाशन-समारंभानंतर कपाटात पडून वाळवीच्या स्वाधीन होते. वस्तुतः ती त्या गावाच्या बोलीची, पिकांची, स्थलांतराची व बालमनाची अस्सल कैफियत असते, आणि तिची दुसरी प्रत जगात नसते. ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीत प्रत्येक अंकाला क्रमांक देणे, त्याची छायाप्रत काढून ठेवणे आणि दरवर्षीच्या नव्या मंडळाला काम सुरू करण्यापूर्वी मागचे अंक वाचावयास देणे, एवढी व्यवस्था कोणत्याही जिल्हा परिषद शाळेला वेगळ्या निधीवाचून करता येण्याजोगी आहे. ती केली तर प्रत्येक वर्गाला आपल्या आधीच्या वर्गाकडूनच शिकता येईल.