सहा घरांचा एक टीव्ही

स्मरणिकेसाठी दरवर्षी लेख मागितला जातो आणि दरवर्षी मी ड्यूटीचे कारण पुढे करतो. मी डिप्लोमावाला इंजिनिअर, लेखक नव्हे. यंदा मात्र आमच्या जुन्या क्वार्टर्समधल्या टीव्हीचा इतिहास लिहावासा वाटला. कारण त्यात एक हिशेब राहून गेला आहे.

भारतात टेलिव्हिजनचे प्रायोगिक प्रसारण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले. तेव्हाचे मोजके संच बहुतेक सामूहिक केंद्रांतच होते. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि चाळीतल्या एका खोलीत सारा मजला जमू लागला. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर 'साइट' प्रयोगात उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत कार्यक्रम दाखवले गेले. त्यात आपला मध्य प्रदेशही होता. तिथेही गावाला एकच संच. म्हणजे आपल्या देशात टीव्ही रुजला तो मुळी चारचौघांत बसून पाहण्यासाठी!

१९८२ मध्ये रंगीत प्रसारण आले, १९८४ पासून लहान ट्रान्समीटर गावोगाव उभे राहिले आणि २५ जानेवारी १९८७ रोजी 'रामायण' सुरू झाले. मी तेव्हा आठ वर्षांचा. जबलपूर त्या काळी मध्य रेल्वेत होते. आमच्या ओळीत सहा घरांनी वर्गणी (इथल्या भाषेत चंदा) काढून शटरचा काळा-पांढरा टीव्ही घेतला. ठेवायचा कुठे? एक काकू होत्या. यजमान गेल्यावर त्या अनुकंपा तत्त्वावर नोकरीला लागलेल्या. त्यांची पुढची खोली मोकळी होती, म्हणून टीव्ही त्यांच्याकडे गेला.

रविवारी सकाळी साडेनऊच्या आत खोली भरे. खिडकीत मुले, दाराशी चपलांचा ढीग. चित्र हलले की कोणीतरी गच्चीवर जाऊन अँटेना फिरवी आणि खालून ओरडा होई, "बस, बस! आता हलवू नका!" 'रामायण'चे ७८ भाग झाले, मग 'महाभारत'चे ९४.

१९९२ च्या वर्ल्ड कपच्या तोंडावर आमच्याकडे रंगीत टीव्ही आला. ओळीतला पहिला. हळूहळू इतरांनीही घेतले. काकूंकडे जाणे कधी थांबले ते कोणाच्या लक्षातही आले नाही. आम्ही दार लावून मॅच पाहिल्या, एवढे मला आठवते.

वडील गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत ती वही सापडली. सहा नावे, सहा सारख्या रकमा. काकूंचीही तेवढीच. दुरुस्तीचा खर्च पैशापैशाने लिहिलेला. विजेचा रकाना मात्र नाही! बिल काकूंच्या पगारातून कापले जाई. मी सवयीने गणित मांडले: साठ वॅट, रोज दोन तास, महिन्याला साडेतीन-चार युनिट. रक्कम किरकोळच. पण आठवड्याची एकुलती सुट्टी, दर रविवारी पुसावी लागणारी फरशी, आणि स्वयंपाकघरात कानात बोटे घालून दहावीचा अभ्यास करणारा त्यांचा मुलगा, हे कोणत्या युनिटमध्ये मोजायचे? काकूंनी कधी 'नको' म्हटले नाही, आणि त्यांना चालेल का, हे आम्हीही कधी विचारले नाही.

काकू आता नाहीत. मुलगा दूर असतो. मागच्या दिवाळीला मी फोन करून वहीची गोष्ट सांगितली. तो हसला आणि म्हणाला, "अरे, तुम्ही यायचे बंद झालात तेव्हा आईला खोली फार मोठी वाटायची." मला पुढे बोलता आले नाही.

आपल्या उत्सवाचाही जमाखर्च दरवर्षी वाचला जातो. वर्गणीदारांची नावे छापतात, ते योग्यच. पण ज्यांच्या घरून मांडवाला वायर जाते, ज्यांच्या ओट्यावर भांडी घासली जातात, त्यांची नावेही यंदापासून छापावीत, ही कार्यकारिणीला नम्र विनंती. आणि उत्सव संपल्यावरही त्यांच्याकडे अधूनमधून जात राहावे.

गणपती बाप्पा मोरया!