कपाटाएवढें यंत्र आणि यंत्रांतलें कपाट

शाहूपुरींतील सुतारकामाच्या एखाद्या कारखान्यांत आज डोकावलें, तर रंधा, पटाशी आणि गुण्या यांच्याबरोबर एका मेजावर संगणकहि मांडलेला दिसतो. गिऱ्हाईक स्वयंपाकघराचीं मापें घेऊन येतें. मेस्त्री तीं यंत्राला सांगतो आणि भिंतीला अद्याप न लागलेलें कपाट पडद्यावर उभें राहतें. त्याचें दार उघडून आंतले खण पाहतां येतात, तें फिरवून त्याची मागची बाजू पाहतां येते, आणि शेवटीं कोणती फळी किती लांबीरुंदीची कापावयाची याची यादीहि हातीं येते. हें सुरळीत चाललें म्हणजे गिऱ्हाईक खुष होतें. परंतु पुष्कळदां ऐन वेळीं चित्र अडखळतें. कपाट अर्धवट वळून थबकतें, मेस्त्री ओशाळतो, आणि गिऱ्हाइकाच्या मनांत उगीच शंका येते कीं, ज्याचें चित्र धड फिरत नाहीं त्याचें कपाट तरी धड उभें राहील काय? मग अधिक किंमतीचा संगणक आणला जातो. तो नेमका कोणत्या गुणाचा असावा हें समजावयास हीं यंत्रें कोणकोणत्या पायऱ्यांनीं येथवर आलीं तें पाहणें उपयोगाचें आहे.

चित्र सुरळीत चालणें म्हणजे काय, हें कोल्हापूरकरांना नव्यानें सांगावयास नको. याच शहरांत आनंदराव आणि बाबूराव पेंटर या चुलतबंधूंनीं चलच्चित्राचा कॅमेरा स्वतः बनविण्याचा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ सालीं वारले. पुढें बाबूरावांनीं विष्णुपंत दामले यांच्या साहाय्यानें तो कॅमेरा पुरा केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ हा चित्रपट १९२० सालीं लोकांपुढें आला. बाबूरावांचें घराणें मेस्त्र्यांचें. तेव्हां लाकूड, लोखंड आणि चित्र या तिहींची सोयरीक आमच्या गांवांत जुनी आहे. मूकपटाच्या त्या काळीं हातानें दांडा फिरवून सेकंदाला सुमारें सोळा चित्रें घेत, आणि तेवढ्यानें डोळा फसून हालचाल सलग वाटे. संगणकाच्या पडद्यावरहि हेंच घडतें. भेद इतकाच कीं, कॅमेऱ्याला समोरचें दृश्य केवळ टिपावयाचें असे, संगणकाला मात्र प्रत्येक चित्र हिशेब करून नव्यानें काढावें लागतें. हा हिशेब वेळेंत पुरा झाला नाहीं कीं चित्र अडखळतें.

आपल्या देशांत असा हिशेब करणारें पहिलें मोठें यंत्र मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत रं. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखालीं तयार झालें. तें १९६० च्या फेब्रुवारींत कामास लागलें आणि १९६२ च्या जानेवारींत पंडित नेहरूंनीं त्याला ‘टिफ्रॅक’ हें नांव दिलें. गंमत अशी कीं, हें यंत्र स्वतःच एक अवाढव्य कपाट होतें! १८ फूट लांब, अडीच फूट खोल आणि ८ फूट उंच अशा पोलादी सांगाड्यांत २,७०० निर्वात नलिका, १,७०० डायोड आणि १२,५०० रोधक बसविलेले होते, आणि आंतील मंडलांपर्यंत हात पोंचावा म्हणून दोहों बाजूंना पोलादी दारें होतीं. त्याला आलेख व अक्षरें दाखविणारा एक पडदाहि जोडलेला होता. त्याच्या स्मृतींत २,०४८ संख्या मावत.

आतां आपल्या मेस्त्र्याचें काम या यंत्राला दिलें असतें तर काय झालें असतें? चौकोनी फळीला आठ कोपरे. प्रत्येक कोपऱ्याची जागा सांगावयास तीन संख्या. म्हणजे एका फळीला २४ संख्या. २,०४८ ला २४ नें भागलें तर ८५ फळ्या झाल्या. एका स्वयंपाकघरांत दहा कपाटें आणि प्रत्येक कपाटाला आठ फळ्या धरल्या, तर तेथेंच ८० भरल्या. मग त्या फळ्यांचें काय करावयाचें या आज्ञा ठेवावयास जागा कोठली?

आज दुकानांत मिळणाऱ्या १६ जीबी रॅमच्या यंत्राची स्मृति टिफ्रॅकच्या सोळा लक्ष पटींहून अधिक आहे. तरीहि ती अपुरी पडते, आणि तिला बहुधा फळी कारण नसून बिजागरी असते. फळीला सहा पृष्ठें. परंतु खऱ्यासारखी दिसणारी बिजागरी, तिचा स्क्रू, तिची गोलाई, मुठीचा वांक हीं यंत्राला शेंकडों बारीक सपाट तुकडे जोडून दाखवावीं लागतात. कारखानदारांनीं पुरविलेलीं अशीं चित्रें मेस्त्री प्रत्येक दाराला दोन-दोन लावतो आणि कपाटापेक्षां खिळेमोळेच जड होऊन बसतात. यावर तोड फार पूर्वीं निघालेली आहे. अमेरिकेंतील इव्हन सदरलँड यांनीं १९६३ सालीं टीएक्स-२ नांवाच्या संगणकावर ‘स्केचपॅड’ सिद्ध केलें. प्रकाशलेखणीनें पडद्यावर रेघ ओढावी आणि ‘ही त्या रेघेशीं काटकोनांत राहूं दे’ असें यंत्राला बजावावें, अशी ती सोय होती. तींत एक मूळ आकृति ठेवून तिच्या अनेक प्रतिकृति मांडतां येत, आणि मूळ बदललें कीं साऱ्या प्रतिकृति बदलत. आजच्या ‘स्केचअप’मध्यें ‘कॉम्पोनंट’ म्हणतात तो हाच विचार. चाळीस बिजागऱ्या चाळीस वेळां न कोरतां एकच कोरून तिच्या नकला मांडल्या, तर पुष्कळ भार नवें यंत्र न घेतांच हलका होतो.

घरगुती यंत्रावर नकाशे काढण्याची सोय पुढें वीस वर्षांनीं झाली. १९८१ चा आयबीएमचा पीसी सेकंदाला ४७ लक्ष ७० हजार ठोक्यांनीं चाले, आणि १९८२ सालीं ‘ऑटोकॅड’ बाजारांत आलें. त्या काळच्या मुख्य प्रोसेसरला अपूर्णांकांचें गणित मोठ्या कष्टानें करावें लागे. म्हणून इंटेलनें १९८० सालीं काढलेली ८०८७ ही साहाय्यक चिप निराळी विकत घेऊन बसवीत. १९८९ च्या ८०४८६ मध्यें ती मुख्य प्रोसेसरांतच आली. नकाशे काढणारास एक विशिष्ट अवयव निराळा घ्यावा लागे, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. कारण संगणकाचा वेग ही एकच वस्तु नव्हे, हें त्या वेळच्या गिऱ्हाइकास पावतीवरच दिसत असे. आज सारे अवयव एका पेटींत बंद झाल्यामुळें तें दिसेनासें झालें आहे.

अशीच फसगत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची झाली. त्यानें कर्ज काढून सोळा कोअरचा, म्हणजे सोळा गणिती एकत्र राबणारा, संगणक घेतला. हप्ते चालू आहेत आणि चित्र पूर्वीइतकेंच अडखळतें. सोळा जण असून काम एकाच्याच गतीनें कां होतें, हा त्याचा प्रश्न होता. पुष्कळांनीं वांटून काम करण्याची महती आपल्याला पुण्यानें शिकविली. अतिवेगवान संगणक देण्यास अमेरिकेनें आडकाठी घातली, तेव्हां १९८८ सालीं स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेनें विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं ‘परम ८०००’ सिद्ध केला. त्यांत ६४ ट्रान्सप्यूटर एकत्र जुंपले होते. हवामानाचें गणित अशा यंत्रास मानवतें, कारण नकाशाचे तुकडे पाडून ज्याला त्याला वांटून देतां येतात. कपाटाचें तसें नाहीं. उंची दोन इंच वाढवली कीं बाजूची फळी वाढते, ती वाढल्यावर खणाची जागा ठरते, खणावरून दाराचें माप, दारावरून बिजागरीच्या भोंकांच्या जागा. पहिल्याचें उत्तर आल्याविना दुसऱ्यानें काय करावें? पंधरा जण हात बांधून उभे राहतात. स्केचअपसारख्या सॉफ्टवेअरमध्यें आकृति घडविण्याचें काम आजहि मुख्यतः एकाच कोअरवर चालतें. म्हणून तेथें मनुष्यबळ न मोजतां एकेका कोअरचा वेग पाहावा. सेकंदाला ५०० कोटी ठोक्यांच्या आसपास पोंचणारा, मोजक्या कोअरचा प्रोसेसर या कामीं अधिक कोअरच्या पण मंद प्रोसेसरला मागें टाकतो.

वांटून करण्याजोगें काम दुसरें आहे, तें म्हणजे पडद्यावर रंग भरण्याचें. नेहमींच्या पडद्यावर १,९२० गुणिले १,०८०, म्हणजे २० लक्ष ७३ हजार ६०० ठिपके असतात. सेकंदाला ६० चित्रें काढावयाचीं तर १२ कोटी ४४ लक्षांहून अधिक ठिपक्यांचा रंग ठरवावा लागतो, आणि एका ठिपक्याला शेजारच्याची वाट पाहावी लागत नाहीं. यासाठीं निराळा अवयव लागतो, तो ग्राफिक्स कार्ड. एनव्हिडिया कंपनीनें १९९९ सालीं ‘जीफोर्स २५६’ खेळांसाठीं विकावयास काढलें. पोरांच्या खेळांकरितां झालेली ही प्रगति सुताराच्या पथ्यावर पडली. चित्र फिरवितांना अडखळत असेल तर कार्ड तपासावें. माप बदलल्यावर थबकत असेल तर प्रोसेसर. आणि फाइल उघडावयासच वेळ लागत असेल तर जुनी फिरती डिस्क काढून एसएसडी बसवावी. रॅम माझ्या मतें १६ जीबी असावी. एवढ्यांत साध्या स्वयंपाकघराचें काम निभतें.

सोळा कोअर अगदींच वायां जातात असें मात्र नव्हे. छायाचित्रासारखें हुबेहुब चित्र, खिडकींतून आलेला उजेड सनमायक्यावर कसा पडेल इथपर्यंत, काढावयाचें असेल, तर त्या कामाला सारे कोअर किंवा भारी कार्ड उपयोगीं पडतें. माझ्या विद्यार्थ्यानें आतां तीं चित्रें रात्रीं लावून ठेवावयास प्रारंभ केला आहे. पण ज्याला केवळ मापें आणि कापणीची यादी हवी, त्यानें त्याकरितां कर्ज काढण्याचें कारण नाहीं.

आणखी एक गोष्ट किंमतीच्या पत्रकांत कधींच छापलेली नसते. प्रोसेसर तापला म्हणजे स्वतःला जपण्यासाठीं आपणहून मंद होतो. सुताराच्या कारखान्यांत प्लायवुडचा बारीक भुसा हवेंत सतत तरंगतो. थंड ठेवणाऱ्या पंख्यांत तो महिन्या दोन महिन्यांत दाटून बसतो, आणि नवें यंत्र जुन्यासारखें वागूं लागतें. यंत्र करवतीपासून दूर, दार लावलेल्या खोलींत ठेवावें. पेटी बंद करून व वायर काढून पंखे मऊ कुंचल्यानें वेळोवेळीं साफ करावे. टिफ्रॅकलाहि आंत हात घालतां यावा म्हणून दारें ठेवलीं होतीं.