समुद्राने टाकलेली शवे : नाव आणि अस्थी

जून २०१५ मध्ये रायगड जिल्ह्यातील रेवदंड्याच्या किनाऱ्यास सुमारे ४२ फूट लांबीचा निळा देवमासा लागला. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईस जुहूच्या वाळूवर दुसरे प्रचंड शव आले. ते ब्राइडच्या देवमाशाचे ठरले. नोव्हेंबर २०२३ मध्ये, आंबा घाट उतरून कोल्हापूरकर ज्या गणपतीपुळ्यास जातात तेथेच, देवमाशाचे एक जिवंत पिल्लू किनाऱ्यावर अडकले व ते समुद्रात परत नेण्याचे प्रयत्न होऊनही वाचले नाही. तिन्ही प्रसंगांना मराठीत शब्द मात्र एकच आहे. दात असलेले आणि दातांऐवजी गाळणी असलेले असे दोन्ही गट ह्या शब्दाच्या पोटात जातात. शिवाय सस्तन प्राण्यास तो ‘मासा’ म्हणतो, हे वेगळेच. जुन्या कागदात ‘देवमासा लागला’ एवढेच आढळले, तर त्यावरून जातीविषयी काहीही सिद्ध होत नाही.

शव ताजे असता अडचण थोडी असते. ब्राइडच्या देवमाशाच्या डोक्यावर तीन उभ्या कडा असतात, त्याच्या निकटच्या इतर जातींत एकच. परंतु कातडी सडली की ही खूण जाते आणि मागे राहिलेला सांगाडा पाहणाऱ्यास भलत्याच दिशेने नेतो. ह्याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांपैकी स्ट्रॉन्से येथील आहे. १८०८ मध्ये तेथे लागलेल्या शवास लांब मान, पाठीवर आयाळ व सहा पाय होते, असे प्रत्यक्ष पाहणाऱ्यांनी सांगितले. एडिंबरोतील विद्वानांनी त्यास ‘हॅल्सिड्रस’ असे नवे नावही दिले. लंडनच्या एव्हरार्ड होम ह्याने मणक्यांवरून ती एक मोठी मुशी असल्याचे ठरविले. ह्या जातीच्या मुशीचा जबडा व कल्ले आधी गळून पडतात आणि लहान डोक्याची लांब मान शिल्लक राहते. पाठीच्या पराचे तंतू सुटले की आयाळ होते. आणि परांच्या दोन जोड्या व नराची जननांगे मिळून सहा पाय भरतात. साक्षीदार खोटे बोलत नव्हते. त्यांनी जे पाहिले तेच सांगितले. पण जे पाहिले ते मूळ प्राण्याचे रूप नव्हते. २००३ मध्ये चिलीच्या किनाऱ्यास लागलेला आकारहीन मांसाचा गोळा तर कित्येकांना महाकाय अष्टपाद वाटला. पुढील वर्षी आनुवंशिक परीक्षेने तो दातांच्या एका मोठ्या देवमाशाचा, म्हणजे ‘स्पर्म व्हेल’चा, अवशेष ठरला.

हिंदी महासागराच्या बाबतीत अस्थींचे महत्त्व कलकत्त्याच्या एडवर्ड ब्लाइथ ह्याने ओळखले. एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा हा अभिरक्षक जिवंत देवमासा पाहण्याची वाट पाहत बसला नाही. आराकानच्या किनाऱ्यावर लागलेल्या देवमाशाच्या अस्थींच्या आधारे त्याने १८५९ मध्ये ‘बॅलिनॉप्टेरा इंडिका’ ही जात मांडली. स्वतंत्र जात म्हणून ती टिकली नाही; परंतु उत्तर हिंदी महासागरातील निळ्या देवमाशाची उपजात म्हणून ‘इंडिका’ हे नाव आजही वापरात आहे. हाडे जपली गेली म्हणूनच त्या नावाची फेरतपासणी होऊ शकली.

ग्रंथांतील प्राण्यांनाही हीच कसोटी लावावयास हवी. ‘तिमिंगिल’ म्हणजे तिमीला गिळणारा. त्यालाही गिळणारा तो ‘तिमिंगिलगिल’. ही साखळी शब्दरचनेच्या सोयीने वाढलेली आहे, निरीक्षणाने नव्हे. तिच्या प्रत्येक कडीस एकेक जात नेमून देण्याचा मोह पुष्कळांना होतो. तो सर्वस्वी निराधार होय. भारहूतच्या शिल्पात नौका गिळू पाहणारा प्रचंड मत्स्य आहे व सोबतच्या लेखात ‘तिमितिमिंगिल’ हा शब्दही आहे. तथापि जात ठरविण्यास उपयोगी पडेल अशी एकही खूण त्या आकृतीत नाही.

ह्याच्या उलट रघुवंशाच्या तेराव्या सर्गातील तिमी पाहावेत. नदीमुखाचे पाणी ते जीवजंतूंसह उघड्या तोंडात घेतात, तोंड मिटतात आणि मस्तकावरील छिद्रांतून पाण्याचे झोत वर फेकतात. वस्तुतः झोत तोंडात घेतलेल्या पाण्याचा नसून बहुतांशी श्वासाच्या वाफेचा असतो, हा तपशील चुकला आहे. परंतु जीवजंतूंसकट पाणी तोंडात घेणे आणि डोक्यावरील छिद्र ह्या दोन गोष्टी एकत्र आल्या की गाळणीच्या देवमाशाखेरीज दुसरा प्राणी उरत नाही. कुणीतरी तो पाहिला होता आणि पाहिलेले कवीपर्यंत पोचले होते.

सिकंदराचा नौकाधिपती निआर्कस ह्याच्या ३२५ सालच्या (ख्रिस्तपूर्व) सफरीचा वृत्तांत एरियनने दिला आहे. त्यात किनाऱ्यास लागलेल्या एका जलचराचे वर्णन आहे : कातडे हातभर जाड, खवल्यांचे, त्यावर शिंपले व शेवाळ वाढलेले. देवमाशास खवले नसतात. पण त्याच्या कातडीवर चिकटून वाढणारे कवचधारी जीव दुरून खवल्यांसारखेच दिसतात, आणि कातडीखाली चरबीचा जाड थर असतोच. त्याच ग्रंथात पुढे-मागे मक्रानच्या किनाऱ्यावरील लोक अशा प्राण्यांच्या हाडांची घरे बांधतात, असाही उल्लेख येतो. बरगड्यांच्या तुळया आणि जबड्यांच्या चौकटी वापरणाऱ्या त्या लोकांनी ह्या प्राण्यास कोणते नाव दिले होते, ते मात्र एरियनने नोंदविलेले नाही.