घण, ठसा आणि बट्टा

होळकरांच्या काळात चांदवडला टांकसाळ होती आणि तिथे पाडलेला चांदवडी रुपया आसपासच्या बाजारांत चाले. हाताने नाणे पाडायची रीत साधी: खाली ठसा, त्यावर चांदीची चकती, वर दुसरा ठसा आणि घणाचा घाव. ठसा चकतीहून मोठा असला की निम्मी अक्षरे काठाबाहेर जात, घाव तिरका बसला की एक अंग पुसट राही. तरीही नाणे खपे, कारण सराफ अक्षरांपेक्षा चांदी पारखत आणि परक्या टांकसाळीच्या नाण्यावर बट्टा कापत. लेसरने अणुमीलन घडवण्याचा इतिहासही याच सराफी नजरेने वाचावा, असे माझे म्हणणे आहे.

हा इतिहास मुख्यतः घणाचा आहे. जड हायड्रोजनची दोनेक मिलिमीटरची गोळी चहूबाजूंनी इतक्या झटपट दाबायची की ती फुटून विखुरण्याआधीच पेटावी. इथे तिरका घाव अजिबात खपत नाही. 1972 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉन नकोल्स आणि सहकाऱ्यांनी ही कल्पना जाहीर मांडली, तेव्हा किलोज्यूलच्या घरातला लेसर पुरेल अशी आशा होती. 1977 मध्ये कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोरला वीस किरणांचा लेसर उभा राहिला. नाव ठेवले ‘शिवा’, अनेक हातांच्या देवावरून. पण त्याच्या अवरक्त प्रकाशाने तापलेले इलेक्ट्रॉन दाब बसण्याआधीच इंधन गरम करीत, आणि गरम वायू दाबायला जड. तेव्हापासून स्फटिकांतून नेऊन प्रकाश अतिनील करणे भाग पडले. अखेर 5 डिसेंबर 2022 रोजी तिथेच 192 किरणांनी 2.05 मेगाज्यूल ओतले आणि 3.15 मेगाज्यूल बाहेर आले. म्हणजे पहिल्या आशेच्या दोन हजार पट मोठा घण लागला.

आपल्याकडे ट्रॉम्बेला साठच्या दशकात लेसरचे काम सुरू झाले. पुढे लेसरतज्ज्ञ दिलीप भवाळकरांच्या नेतृत्वाखाली इंदूरला प्रगत तंत्रज्ञान केंद्र निघाले; पायाभरणी 1984 ची, जागा होळकरांच्या सुखनिवासाच्या परिसरातली. मुंबईहून तिकडे जाणारा आग्रा रोड चांदवडच्या किल्ल्याखालूनच जातो. आज इंदूरकडे 150 टेरावॅटचा लेसर आहे. लिव्हरमोरची शिखरशक्ती 500 टेरावॅटच्या आसपास, मग आपण फारसे मागे नाही, असे कुणी म्हणेल. पण ही ठशावरची अक्षरे झाली. इंदूरचा झोत टिकतो सुमारे 25 फेम्टोसेकंद, म्हणजे त्यातली चांदी चारेक ज्यूल; लिव्हरमोरची त्याच्या पाच लाख पट. याने इंदूरचे काम हलके ठरत नाही. तिथे अतितीव्र प्रकाशात पदार्थ कसा वागतो ते तपासले जाते, वीजकेंद्राचा दावा कुणी केलेला नाही.

मात्र तोच काटा लिव्हरमोरलाही लावायला हवा. त्या 2.05 मेगाज्यूलसाठी भिंतीतून सुमारे 300 मेगाज्यूल वीज ओढली गेली, त्यामुळे नफा फक्त गोळीपुरता होता. यावर आक्षेप असा की ते यंत्र अण्वस्त्रांच्या अभ्यासासाठी बांधलेले, त्याचे दिवे जुन्या पद्धतीचे. डायोडवर चालणारे लेसर कितीतरी कमी वीज खातील. आक्षेप रास्त आहे, आणि बट्टा त्याने नक्की घटेल. पण लिव्हरमोरचा मोठा घाव दिवसाकाठी एखाददुसराच पडतो. वीजकेंद्राला सेकंदाला दहाच्या आसपास घाव लागतील, आणि प्रत्येक घावाला नवी गोळी, बरोबर मधोमध.