माहितीपट महोत्सवातील ज्युरी : चित्रपट कोण पाहते, निकाल कसा लागतो

माहितीपट महोत्सवाच्या स्पर्धा विभागातील चित्रपट पाहून पुरस्कार ठरवण्यासाठी जे परीक्षक मंडळ नेमले जाते, त्याला ज्युरी म्हणतात. 'अमुक माहितीपटाला सुवर्णशंख', 'तमुक चित्रपटाचा ज्युरीकडून विशेष उल्लेख' अशा बातम्या आपण वाचतो. पण ही माणसे कोण असतात, त्यांना कोण नेमते, त्यांच्या हातात नेमके किती असते, याबद्दल मराठीत फारसे लिहिले गेलेले नाही. आज आपल्या वस्त्यांमधली मुले-मुली स्वतःचा कॅमेरा घेऊन माहितीपट करू लागली आहेत. सोमनाथ वाघमारे यांनी भीमा कोरेगाववर आणि चैत्यभूमीवर माहितीपट केले. त्यामुळे हा विषय केवळ चित्रपट रसिकांचा राहिलेला नाही.

निवड समिती वेगळी, ज्युरी वेगळी

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. महोत्सवाकडे शेकड्यांनी चित्रपट येतात. ते सगळे ज्युरी पाहत नाही. आधी निवड समिती ते पाहते आणि त्यातून स्पर्धेसाठी मोजके निवडते. ज्युरीसमोर येतात ते हेच निवडलेले. म्हणजे एखाद्या चित्रपटाला पुरस्कार मिळाला नाही, याचे दोन अर्थ होऊ शकतात. एक तर ज्युरीने तो पाहिला आणि दुसऱ्याला पसंती दिली, किंवा तो ज्युरीपर्यंत पोहोचलाच नाही. माझ्या मते दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. कारण ज्युरीची नावे जाहीर होतात, फोटो छापून येतात, त्यांना पत्रकार प्रश्न विचारतात. निवड समितीला मात्र सहसा कोणी काही विचारत नाही.

याचे सर्वात ठळक उदाहरण मुंबईतलेच आहे. फिल्म्स डिव्हिजनने १९९० मध्ये मुंबईत माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनपटांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू केला. तो दर दोन वर्षांनी भरतो आणि 'मिफ्फ' या नावाने ओळखला जातो. २००२ च्या मिफ्फमध्ये आनंद पटवर्धन यांच्या 'जंग और अमन' या माहितीपटाला पुरस्कार मिळाला. पोखरणची १९९८ ची अणुचाचणी ११ मे रोजी, बुद्धपौर्णिमेच्या दिवशी झाली होती. त्या चाचणीनंतर भारत आणि पाकिस्तानात उसळलेल्या युद्धज्वराचा हा माहितीपट. महोत्सवाच्या ज्युरीने त्याला गौरवले, पण सेन्सॉर मंडळाने त्यात काटछाटी सांगितल्या. शेवटी मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर २००३ मध्ये तो काटछाटीविना मोकळा झाला.

पुढच्या म्हणजे २००४ च्या मिफ्फसाठी भारतीय चित्रपटांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घातली गेली. परदेशी चित्रपटांना ती नव्हती. देशभरातील माहितीपटकार एकत्र आले, विरोध झाला आणि अट मागे घ्यावी लागली. पण त्यानंतर निवड झाली तेव्हा सत्तेला अवघड वाटतील असे अनेक चित्रपट यादीत नव्हते. गुजरातच्या २००२ च्या हिंसाचारावरील राकेश शर्मा यांचा 'फायनल सोल्यूशन' त्यांपैकीच एक. त्याच वर्षी बर्लिनच्या महोत्सवात तो दाखवला गेला आणि तिथे त्याला पुरस्कारही मिळाले. नाकारलेल्या चित्रपटांसाठी माहितीपटकारांनी मिफ्फच्याच दिवसांत मुंबईत 'विकल्प' नावाचा समांतर महोत्सव भरवला. त्या वर्षीच्या मिफ्फच्या ज्युरीला यात दोष देता येणार नाही. जे ताटात वाढलेच नाही, ते त्यांनी चाखायचे कसे?

ज्युरीत कोण असते

साधारणपणे तीन ते पाच, कधी सात सदस्य. त्यांतला एक अध्यक्ष. माहितीपट दिग्दर्शक, संकलक, छायालेखक, निर्माते, समीक्षक, चित्रपटाचे अध्यापक, दुसऱ्या महोत्सवांचे कार्यक्रम ठरवणारे, अशांमधून त्यांची निवड होते. मिफ्फमध्ये आंतरराष्ट्रीय स्पर्धा आणि राष्ट्रीय स्पर्धा वेगळ्या असून त्यांच्या ज्युरीही वेगळ्या असतात. दोन्हींत भारतीय आणि परदेशी सदस्य असू शकतात. ज्याचा चित्रपट स्पर्धेत आहे किंवा ज्याचा त्या चित्रपटात पैशाचा वा कामाचा संबंध आहे, त्याने ज्युरीत बसू नये, ही सर्वत्र मान्य असलेली रीत आहे. माहितीपटांचे जग लहान असल्याने ओळखीपाळखी टाळता येत नाहीत. म्हणूनच बाहेरच्या देशांतले सदस्य घेतले जातात.

नेमणूक करतो तो आयोजक. मिफ्फ हा सरकारी महोत्सव आहे. पूर्वी फिल्म्स डिव्हिजन तो भरवत असे. २०२२ मध्ये ती संस्था एनएफडीसीत विलीन केल्यानंतर आता एनएफडीसी भरवते. त्यामुळे ज्युरीची यादी माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या छत्राखालीच तयार होते. ॲमस्टरडॅमचा 'इडफा' (१९८८ पासून), जपानमधला यामागाता (१९८९ पासून) किंवा काठमांडूचा 'फिल्म साउथ एशिया' (१९९७ पासून) यांच्या आयोजनाची घडण वेगळी आहे. ज्युरीत स्त्रिया किती, कोणत्या देशांतले लोक किती, याची आता जगभर चर्चा होते. भारतातल्या ज्युरींत दलित-आदिवासी सदस्य किती, हा प्रश्न मात्र अजून कुणी गंभीरपणे विचारत नाही. जातीवर, सफाई कामावर, अत्याचारावर केलेले चित्रपट दर वर्षी स्पर्धांमध्ये असतात. ते पाहणाऱ्या टेबलाभोवती ते जगणे ओळखणारे कोणी असावे, ही मागणी अवाजवी नाही.

मुख्य ज्युरीशिवाय छोट्या स्वतंत्र ज्युरीही असतात. चित्रपट समीक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची, म्हणजे फिप्रेस्कीची ज्युरी मिफ्फसह अनेक महोत्सवांत बसते आणि आपला स्वतंत्र पुरस्कार देते. स्वित्झर्लंडच्या न्यों आणि जर्मनीच्या लाइपझिग येथील माहितीपट महोत्सवांत तर आंतरधर्मीय ज्युरी आहे. वेगवेगळ्या धर्मपरंपरांतले लोक एकत्र बसून एक चित्रपट निवडतात. काही ठिकाणी विद्यार्थ्यांची ज्युरी असते.

बंद दाराआड

ज्युरीने सर्व चित्रपट पूर्ण पाहायचे, शक्यतो थिएटरमध्ये, मोठ्या पडद्यावर. दिवसाला चार-पाच चित्रपट, मध्ये जेवण, संध्याकाळी पुन्हा. माहितीपटात खरी माणसे, खरे मृत्यू असतात, त्यामुळे हे काम वाटते तितके सुखाचे नाही. दर दिवसाअखेर किंवा एक-दोन दिवसांनी सदस्य भेटतात आणि टिपणे ताडून पाहतात. शेवटची बैठक लांबते. काही महोत्सवांत गुण दिले जातात, पण बहुतेक जाणत्या ज्युरी गुणांपेक्षा चर्चेवर भर देतात. गुणांची बेरीज केली की बहुतेक वेळा असा चित्रपट वर येतो जो कोणालाच खटकला नाही, आणि ज्याच्यासाठी दोघे हट्टाने भांडले तो मागे पडतो. एकमत झाले नाही तर मतदान होते. कधी पुरस्कार दोघांत विभागला जातो, कधी एकाला 'विशेष उल्लेख' देऊन वाद मिटवला जातो. ज्युरीला एखाद्या गटात पुरस्कार न देण्याचीही मुभा काही नियमावल्यांत असते. चर्चेत कोण काय बोलले, हे बाहेर सांगायचे नसते.

कथापट आणि माहितीपट यांच्या परीक्षणात एक मूलभूत फरक आहे. कथापटात अभिनय, पटकथा, संगीत असे मोजमाप असते. माहितीपटात त्याआधी प्रश्न येतो तो विश्वासाचा. कॅमेऱ्यासमोरच्या माणसाची संमती होती का? त्याचे दुःख विकले गेले का? संकलनात त्याच्या बोलण्याचा अर्थ बदलला का? ज्युरीकडे याची उत्तरे शोधायला फक्त पडदाच असतो. ज्यांचे चित्रण झाले त्यांना ती विचारू शकत नाही.

बुंदेलखंडच्या 'खबर लहरिया'चे उदाहरण घ्या. दलित स्त्रियांच्या पुढाकाराने चालणाऱ्या या वृत्तसंस्थेवर रिंटू थॉमस आणि सुष्मित घोष यांनी 'रायटिंग विथ फायर' केला. २०२१ मध्ये सनडान्स महोत्सवात त्याला ज्युरीचा विशेष पुरस्कार मिळाला आणि प्रेक्षकांचाही मिळाला. पुढे ऑस्करचे नामांकनही आले. मात्र ऑस्कर सोहळ्याच्या काही दिवस आधी, मार्च २०२२ मध्ये, खुद्द 'खबर लहरिया'ने जाहीर निवेदन काढले की चित्रपटात आमच्या कामाचा एकच भाग दिसतो आणि त्यामुळे चुकीचे चित्र उभे राहते. चित्रपट वाईट आहे असे यातून सिद्ध होत नाही. ज्युरीचा निर्णयही त्यामुळे रद्द ठरत नाही. पण ज्यांची गोष्ट आहे त्यांचे मत मागण्याची कुठलीच सोय या पद्धतीत नाही, हे त्या निवेदनाने दाखवून दिले.

'जयभीम कॉम्रेड' आणि लांबीचा प्रश्न

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा जण मारले गेले. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले. पटवर्धनांच्या १९८५ च्या 'हमारा शहर'मध्ये घोगरेंचे गाणे होते. तिथून सुरू झालेले 'जयभीम कॉम्रेड'चे काम चौदा वर्षे चालले. २०११ मध्ये पूर्ण झालेला हा माहितीपट तीन तासांहून अधिक लांब आहे.

इतकी लांबी ज्युरीसमोर अडचण ठरते. दिवसाच्या वेळापत्रकात तो दोन चित्रपटांची जागा खातो. तरीही २०११ मध्ये काठमांडूच्या 'फिल्म साउथ एशिया'मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाची राम बहादूर ट्रॉफी मिळाली, आणि २०१२ मध्ये मिफ्फ व हाँगकाँगच्या महोत्सवातही तो गौरवला गेला. मराठी भीमगीते, शाहिरी, वस्तीतली बोली, हे सारे परदेशी परीक्षकांनी उपशीर्षके वाचून समजून घेतले. मुंबईत जानेवारी २०१२ मध्ये भायखळ्याच्या बीआयटी चाळीत झालेल्या प्रदर्शनाला मात्र उपशीर्षकांची गरज नव्हती.

पटवर्धनांचाच 'विवेक' सुमारे चार तासांचा. दाभोलकर-पानसरे यांच्या हत्या, रोहित वेमुला, उना हे त्याचे विषय. २०१८ मध्ये इडफाच्या ज्युरीने त्याला पूर्ण लांबीच्या माहितीपटांतील सर्वोत्कृष्ट पुरस्कार दिला. पुढच्याच वर्षी केरळच्या माहितीपट महोत्सवात तो दाखवायला केंद्राची सेन्सॉर सवलत मिळाली नाही, आणि केरळ उच्च न्यायालयाच्या परवानगीने तो दाखवावा लागला. पुरस्कार एका देशात आणि परवानगीसाठी कोर्ट दुसऱ्या देशात, अशी ही कथा.

अधिकार कुठे संपतो

२०१७ मध्ये गोव्याच्या इफ्फीत काय झाले ते लक्षात ठेवण्यासारखे आहे, जरी तो प्रामुख्याने कथापटांचा महोत्सव असला तरी. इंडियन पॅनोरमाच्या ज्युरीने निवडलेले रवी जाधव यांचा मराठी 'न्यूड' आणि सनल कुमार ससिधरन यांचा मल्याळम 'एस दुर्गा' हे चित्रपट मंत्रालयाने यादीतून परस्पर काढले. ज्युरीचे अध्यक्ष सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला. त्यांच्यापाठोपाठ आणखी सदस्य बाहेर पडले. २०२२ मध्ये त्याच महोत्सवात ज्युरी अध्यक्ष नदाव लापिड यांनी समारोपाच्या मंचावरून 'द काश्मीर फाइल्स'वर टीका केली. भारतीय सदस्याने ते लापिड यांचे वैयक्तिक मत असल्याचे सांगितले, तर उरलेल्या तीन परदेशी सदस्यांनी नंतर लापिड यांना पाठिंबा दिला. ज्युरीने जाहीरपणे फक्त पुरस्कार सांगावा की नापसंतीही सांगावी, यावर तेव्हा बराच वाद झाला.

चित्रपट पाठवणाऱ्यांसाठी

प्रत्येक महोत्सवाची नियमावली दर वेळी नव्याने निघते. लांबीची मर्यादा, चित्रपट कधी पूर्ण झालेला असावा, आधी कुठे दाखवला तर चालतो का, विद्यार्थी किंवा पहिल्या चित्रपटाचा वेगळा गट आहे का, हे त्यातच पाहावे. नव्या मुलांनी पदार्पणाच्या गटाकडे जरूर लक्ष द्यावे. तिथे स्पर्धा आपल्या बरोबरीच्यांशी असते.

उपशीर्षकांवर मात्र कंजुषी नको. ज्युरीतल्या निम्म्या लोकांसाठी तीच तुमची भाषा असते. 'जयभीम'चे भाषांतर करून 'नमस्कार' लिहू नये, शब्द तसाच ठेवावा. पाटी लहान, वेग मोठा, अशी उपशीर्षके परीक्षकाला थकवतात. गाण्यांच्या ओळी अर्धवट सोडू नयेत. उपशीर्षके झाल्यावर मराठी न येणाऱ्या एखाद्या मित्राला आवाज बंद करून चित्रपट दाखवावा आणि त्याला काय कळले ते विचारावे.