गाडीच्या अंघोळीची कुळकथा

डिचोली तालुक्यात पांढरी गाडी घेणारा माणूस एक तर बाहेरगावचा असतो, नाही तर हट्टी. खनिजाचे टिपर साखळी, पाळी, मये या पट्ट्यातून रांगेनं धक्क्याकडे जात, तेव्हा इथल्या गाड्यांचा मूळ रंग फक्त आरसी बुकात उरायचा. ती लाली म्हणजे हेमॅटाइट, लोहाचं ऑक्साइड. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मग सुरू झाल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं पुन्हा थांबल्या, आता लिलावाच्या वाटेनं परत येत आहेत. शेजारच्या पेडण्याला खाणींनी तेवढं घेरलं नव्हतं. पण मोपाच्या जांभ्या सड्यावर विमानतळ उभा राहिला, पत्रादेवीकडून येणारा महामार्ग रुंद झाला आणि तांबडी धूळ तिथंही पोचली. या मुलखात आता डिटेलिंगच्या, म्हणजे गाडी बारकाईनं धुऊन-पुसून चमकवण्याच्या, पाट्या दिसतात, आणि जमिनीला पोट टेकेल इतक्या बुटक्या, दोन दारांच्या, कोट्यवधींच्या गाड्या कोणाच्या तरी हातून धुऊन निघतात.

गंमत अशी की दागिन्यांना आणि भिंगांना शेवटची झिलई देण्यासाठी जी लाल पूड पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली, तीही लोहाचं ऑक्साइडच. डिचोलीची धूळ आणि ती पूड यांची रासायनिक जात एक. एक गाडी ओरबाडते, दुसरी सोनं उजळते. फरक कणाच्या आकाराचा, आणि तो कण किती दाबून कुठं फिरवला याचा. गाडी धुण्याचा सगळा इतिहास मला याच एका कणाभोवती फिरताना दिसतो. स्वच्छतेशी त्याचा संबंध आहे, पण दुय्यम.

या विद्येचा मूळपुरुष घोड्याच्या पागेत सापडतो. मोतद्दार आधी खराऱ्यानं वाळलेला चिखल सुटा करी, मग ब्रशानं केसांच्या दिशेनं झाडून काढी आणि शेवटी फडक्यानं अंगाला चकाकी आणी. हा क्रम उलटा केला की घोड्याच्या कातडीला इजा. युरोपात बग्गी सांभाळणाऱ्यांची शिस्तही याच वळणाची: चिखल वाळायच्या आत भरपूर पाणी ओतायचं, स्पंजानं हलकेच सोडवायचं, मऊ कमावलेल्या कातड्यानं टिपायचं. कारण बग्गीवर जवस तेल आणि राळ यांच्या वार्निशाचे थरावर थर असत. ते वाळायला आठवडेच्या आठवडे जात आणि खराब व्हायला एक निष्काळजी हात पुरे होई. पहिल्या मोटारी याच बग्गीवाल्या कारागिरांनी रंगवल्या, त्यामुळे मोटारीला चाकं नवी मिळाली तरी अंघोळ जुनीच मिळाली.

१९२३-२४ मध्ये अमेरिकेत ड्युपाँटचं ‘ड्युको’ लॅकर आलं. जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्या त्यात निळ्या रंगून बाजारात उतरल्या आणि आठवड्यांचं काम तासांवर आलं. पण हे लॅकर उन्हात निस्तेज पडे, त्यावर खडूसारखी साय धरे. ती घासून काढली की खालून ताजा रंग. घासणं हा देखभालीचाच भाग होऊन बसला. पॉलिशचा धंदा ड्युकोच्या आधीच मूळ धरून होता: मेग्वायर्सचा आरंभ १९०१ चा, तोही फर्निचरच्या पॉलिशनं, सिमोनाइझचा १९१० च्या सुमारास, शिकागोत. लॅकरनं त्याला घरोघरचं गिऱ्हाईक मिळवून दिलं. या डब्यांतला मानाचा घटक म्हणजे कार्नोबा मेण. ते ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवर धरतं. कोरड्या ऋतूत पान ओलावा राखायला हे कवच घालतं. पानं तोडून वाळवली, झोडपली की त्याची पूड झडते. नैसर्गिक मेणांत याच्याइतकं कठीण दुसरं नाही, ऐंशी अंशांच्या पुढे गेल्याशिवाय ते वितळत नाही.

ब्राझीलच्या त्याच भागातून पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात गोव्यात काजू आणला. काजू पेडण्याच्या डोंगरांवर असा रुजला की फेणीचं मूळ परदेशात आहे असं सांगितलं तर लोक हसतात. त्याचा शेजारी कार्नोबा मात्र झाड म्हणून कधी आला नाही. चारशे वर्षांनी चपट्या डब्यात भरून आला.

मोटारी इथं आल्या त्या बऱ्याच अंशी खनिजाच्या पैशानं. दुसऱ्या महायुद्धानंतर गोव्याचं लोहखनिज बाहेर जाऊ लागलं आणि १९५० च्या दशकात जपान मोठं गिऱ्हाईक बनला. भारतानं पोर्तुगीज गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली तरी मुरगावचं बंदर उघडं होतं. त्यामुळे मुंबईत परदेशी गाडी दुर्मीळ असताना गोव्यात मर्सिडीजच्या टॅक्सी धावत. त्या गाड्यांना दोन शत्रू होते: किनाऱ्यावरचा खारा वारा आणि कोरडा फडका. पहिल्याला इलाज नव्हता. दुसरा चालकाच्या खांद्यावरच असे. सकाळी धूळ बसलेल्या बॉनेटवर कोरडा फडका फिरवणं म्हणजे सँडपेपर चालवणं, हे अजूनही पुष्कळांना पटत नाही. ट्रकवाल्यांचा उपाय याहून वाईट: डिझेलात भिजवलेलं कापड अंगावरून फिरवायचं. तासभर ट्रक लग्नातल्या नवरदेवासारखा झळकतो, मग त्या तेलावर सगळ्या तालुक्याची धूळ येऊन चिकटते. मग गॅरेजवाला रबिंग कंपाऊंडचा डबा उघडतो आणि कोपऱ्या-कडांवरचा रंग पत्र्यापर्यंत उतरतो.

खरं वळण आलं ते पारदर्शक थरानं. १९७० च्या दशकाच्या शेवटापासून, विशेषतः मेटॅलिक रंगांसाठी, खाली रंग आणि वर बिनरंगी लेप अशी पद्धत रूढ झाली. हा क्लिअरकोट साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉनचा, माणसाच्या केसाहूनही पातळ. आता घासून ताजा रंग काढायची सोय संपली. प्रत्येक पॉलिशमागे या भांडवलातून थोडं खर्ची पडतं. म्हणून चांगला डिटेलर मशीन हातात घेण्याआधी रंगाची जाडी मोजणारं यंत्र पत्र्यावर टेकवतो. जो टेकवत नाही त्याच्याकडे गाडी सोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

या नव्या कातडीची हत्यारं बरीचशी जपाननं घडवली. तोरे कंपनीच्या मियोशी ओकामोतो यांनी १९७० मध्ये अतिसूक्ष्म तंतूचं कापड सिद्ध केलं. त्याच विद्येतून पुढे मायक्रोफायबरची फडकी निघाली. रंगात रुतलेले लोखंडाचे कण उचलणारी मातीची लादी, म्हणजे क्ले बार, तादाओ कादाते यांची. तिचं अमेरिकी पेटंट १९९५ चं, आणि त्यात तिचं वर्णन लवचीक घासणदगड असं केलं आहे. डिचोलीच्या मातीतलं लोह जहाजांनी जपानला गेलं आणि गाडीवरचं लोह टिपणारी ‘माती’ जपानहून आली. हा हिशेब कोणी मुद्दाम जुळवलेला नाही, पण मला तो आवडतो.

आता महागड्या स्पोर्ट्‌स कारची अंघोळ जवळून पाहा. गाडी सावलीत आणि गार झालेली हवी. ब्रेकच्या तापल्या तबकड्यांवर थंड पाणी पडलं की त्या वेड्यावाकड्या होऊ शकतात. चाकं आधी, त्यांची बादली आणि ब्रश वेगळे. ब्रेकमधून झडलेल्या लोखंडावर ते विरघळवणाऱ्या रसायनाचा फवारा मारला की दोन मिनिटांत रिमवरून जांभळे ओघळ उतरतात. नवख्या मालकाला वाटतं काही तरी जळालं. मग अंगावर दाट फेस. तो चार-पाच मिनिटं नुसता सरकू द्यायचा आणि वाळायच्या आत पाण्याच्या झोतानं उतरवायचा. इथवर गाडीला हात लागलेला नसतो, आणि निम्मी धूळ गेलेली असते. मग दोन बादल्या, एक शॅम्पूची, एक साध्या पाण्याची, दोन्हींच्या तळाशी जाळी. मिट, म्हणजे धुण्याचा मऊ हातमोजा, छतापासून खाली, सरळ रेषेत, जवळजवळ स्वतःच्याच वजनानं फिरवायचं. प्रत्येक पट्ट्यानंतर साध्या पाण्यात बुचकळायचं म्हणजे वाळू जाळीखाली बसते. दरवाजांच्या खालची कड सगळ्यात शेवटी, कारण सगळा रस्ता तिथं चिकटलेला असतो. शेवटी जाड टॉवेल पसरून नुसता ओढायचा, आणि आरशांच्या खोबणीतलं पाणी ब्लोअरनं बाहेर काढायचं.

एवढी यातायात कशासाठी, ते उन्हात कळतं. काळ्या बॉनेटवर सूर्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं दिसतात, त्यांना स्वर्ल म्हणतात. पुष्कळांना वाटतं फडका गोल फिरवल्यानं ती पडली. ओरखडे प्रत्यक्षात सगळ्या दिशांना असतात. प्रकाशाला आडवे असतील तेवढेच चमकतात, म्हणून वर्तुळाचा भास होतो. दिवा हलवला की जाळंही त्याच्याबरोबर सरकतं.

सिरॅमिक कोटिंग हे या घराण्यातलं सगळ्यात धाकटं आणि सगळ्यात बढाईखोर अपत्य. सिलिकाच्या संयुगांचा मायक्रॉनभर जाडीचा थर रंगाला घट्ट धरतो, पाणी थेंब होऊन घरंगळतं, चिखल सहज सुटतो. गोव्याचा पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि उन्हाळ्यात बॉनेट हात ठेववणार नाही इतकं तापतं. अशा ठिकाणी डब्यातलं मेण काही आठवड्यांचं पाहुणं, तेव्हा कोटिंगला जागा आहेच. पण जाहिरातीतलं ‘नाइन एच’ हे पेन्सिलीच्या शिशाचं माप आहे, दगडाचं नव्हे. लाल मातीतला गारेचा कण त्याला ओरखडतोच. आणि पावसाचा किंवा जड पाण्याचा थेंब कोटिंगवर वाळला तर क्षारांचा गोल डाग मागे ठेवतो, कधी कधी साध्या रंगाहूनही ठसठशीत.

या धंद्याची खरी परीक्षा दसऱ्याला होते. खंडेनवमीला शस्त्रं पुजायची चाल वाहनांकडे कधीच सरकली. सकाळपासून वॉशिंग सेंटरांवर रांग, झेंडूच्या माळा, बॉनेटवर हळदकुंकवाची बोटं. ओली हळद रंगावर राहून उन्हात तापली तर पिवळी छटा सोडते, माळ चिकटवलेल्या टेपचा गोंद वेगळाच उरतो. आठवडाभर खपून काळी गाडी आरसा केलेल्या पोरानं पूजेआधी मालकाच्या आईपुढे काय बोलावं? जाणकार पोरं बोलतच नाहीत. हळदीची बोटं समोरच्या काचेवर ओढायला लावतात, माळ टेपाऐवजी सुतळीनं बांधतात, आणि नारळ चाकापासून चांगला चार हात लांब, रस्त्याच्या कडेला फोडायला देतात.